उलटा पीळ

माझ्या कपाटात उशीचे दोन अभ्रे आहेत. दोन्ही हाताने कातलेल्या सुताचे, दोन्ही सुयांवर विणलेले, नि दोन्ही माझ्याच हातचे. त्यांतला एक सरळ आहे. दुसरा इतका तिरपा, की त्यात उशी घातली तर ती बिचारी कमरेत लचकल्यासारखी दिसते. दर दिवाळीच्या आधी घराची झाडझूड निघते, कपाटे रिकामी होतात, हे अभ्रे अंगणातल्या दोरीवर पडतात आणि दिवसभर ऊन खाऊन संध्याकाळी पुन्हा डांबराच्या गोळ्यांच्या सोबतीला जातात. गेल्या दिवाळीला आमची नातसून तिरपा अभ्रा हातात धरून म्हणाली, "आजी, हा काढून टाकू या का? फडकं म्हणून तरी उपयोगी पडेल."

मी इतक्या झटकन 'नको' म्हटले की ती दचकलीच. एरवी मी तिच्या कुठल्याच गोष्टीला नाही म्हणत नाही. मग तिला पायरीवर बसवून त्या अभ्र्याची हकिकत सांगितली. ती ऐकून ती म्हणाली, "हे लिहून ठेवा." आज्ञाधारक आजेसासू म्हणून लिहीत आहे.

मी मूळची पुण्याची. विणकाम हा माझा अभिमान. सुलट नि उलट, हे दोनच टाके जगात आहेत, बाकी सगळी त्यांचीच बाळे, हे मला दहाव्या वर्षी कळले होते. 1962 साली चीनशी युद्ध झाले तेव्हा गावोगावच्या बायका जवानांसाठी लोकर विणायला बसल्या. त्यांत मीही होते. कॉलेजात प्राध्यापक शिकवीत असत नि बाकाखाली आमच्या सुया चालत. त्या हिवाळ्यात मी किती स्वेटर नि हातमोजे केले त्याचा हिशेब ठेवला नाही. पण आपण फार मोठे काही केले, असे मात्र वाटू लागले होते. 1964 साली लग्न होऊन डहाणूला आले ती ही गुर्मी घेऊनच. माझ्या ट्रंकेत साड्यांपेक्षा सुया जास्त, असे आमचे 'हे' पुढे वर्षानुवर्षे सांगत असत.

आणि आले ती कुठे, तर समुद्राकाठी! चिकूच्या वाड्या, खारी हवा, नि बारा महिने पाठीवरून ओघळणारा घाम. लोकर इथे मिळेना, मिळाली तर कोणी अंगाला लावून घेईना. मी हौसेने मामंजींसाठी एक बिनबाह्यांचा स्वेटर विणला. त्यांनी तो दोन्ही हातांत घेऊन नीट पाहिला, माझे कौतुक केले आणि म्हणाले, "सूनबाई, डहाणूत स्वेटर घालणं म्हणजे सुक्या बोंबलाला शाल पांघरणं!" घरभर हशा पिकला. मीही हसले. रात्री सुया ट्रंकेच्या तळाशी ठेवल्या तेव्हा मात्र माहेर सुटल्याचे पहिल्यांदा खरे वाटले.

त्या घरात दुसरे एक विणकाम, म्हणजे विणकामाच्या आधीचे काम, चालत असे. सासूबाई कातीत. पहाटे चारला त्या उठत, चूल पेटण्याआधी पेटी उघडीत नि तासभर चरखा फिरवीत. पेटी मिटली की एखाद्या जाड पुस्तकाएवढी दिसे. गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगात असताना या घडीच्या चरख्याचा पुष्कळ विचार केला, म्हणून त्याला येरवडा चक्र म्हणत. अंधारात त्याची बारीक घरघर माझ्या झोपेत शिरे. पहिल्या महिन्यात मला वाटले, वर माळ्यावर कुठे तरी भुंगा अडकला आहे.

सासूबाईंचे कातणे त्यांच्या माहेरचे. 1924 साली बेळगावला काँग्रेस भरली, गांधीजी अध्यक्ष होते, आणि त्या वर्षी सभासदत्वाची अट ठरली ती पैशांची नव्हे, सुताची: दर महिन्याला दोन हजार वार हातसूत. स्वतःला कातणे जमत नसेल त्याला दुसऱ्याने कातलेले देण्याची मोकळीक होती. सासूबाईंच्या वडिलांनी त्या मोकळिकीचा पुरेपूर फायदा घेतला. ते सभासद झाले नि बारा वर्षांच्या लेकीच्या हाती टकळी आली! "वडील देशासाठी भाषण करीत," त्या सांगत, "आणि मी वडिलांसाठी सूत काढी." पुढे वडील गेले, अट तर केव्हाच गेली होती, पण सवय राहिली.

त्यांचे हिशेब निराळे होते. चार फुटांची एक तार. एकशे साठ तारांची एक लट्टी. चार लट्ट्यांची, म्हणजे सहाशे चाळीस तारांची, एक गुंडी. आपण दिवस मोजतो तसे त्या गुंड्या मोजीत. गांधीजी गेल्यानंतर 12 फेब्रुवारीला, ज्या दिवशी त्यांच्या अस्थींचे विसर्जन झाले त्या दिवशी, स्वतः कातलेली एक गुंडी अर्पण करायची प्रथा सर्वोदयाच्या मंडळींनी पाडली. सूतांजली म्हणत तिला. सासूबाईंनी ती कधी चुकवली नाही. बाकीच्या गुंड्या माजघरातल्या पत्र्याच्या पेटीत जात. पेटी भरत आली होती. त्या सुताचे कापड का करून घेत नाहीत, हे विचारायचे माझ्या मनात येई. पण नव्या सुनेने मनात आलेले सगळे विचारायचे नसते.

आमचे दोघींचे भांडण नव्हते. भांडणाला जवळीक लागते. त्या मोजके बोलत, मी त्याहून मोजके. त्यांना माझे रेशमी काठ नि पुणेरी उच्चार दिसत, मला त्यांचे जाडेभरडे लुगडे नि त्याहून जाडीभरडी शिस्त दिसे.

पुढच्या उन्हाळ्यात घरात नव्या उश्या भरल्या. आमच्या इकडच्या रानात काटेसावरीची झाडे आहेत. माघ-फाल्गुनात पाने झडून झाड नुसते लाल फुलांनी पेटते, नि उन्हाळा चढला की बोंडे तडकून रेशमासारखा कापूस वाऱ्यावर उडू लागतो. तलासरीकडून येणाऱ्या वारली बाया तो गोळा करून आणीत. मला वाटले, एवढा सुंदर कापूस, सासूबाई हा का कातीत नाहीत? न राहवून विचारलेच. त्यांनी चिमूटभर सावरीचा कापूस माझ्या बोटांत दिला, चिमूटभर पेळूतला दिला आणि म्हणाल्या, "दोन्ही पिळून बघ." सावरीचा तंतू इतका गुळगुळीत, की पिळला तसा सुटून मोकळा झाला. शेतातल्या कापसाने मात्र पीळ धरला. "ज्याला पीळ बसत नाही, त्याची उशी करायची," त्या म्हणाल्या, "आणि ज्याला बसतो, त्याचं वस्त्र." त्यांचे माझ्याशी झालेले हे पहिलेच लांब बोलणे.

त्या धिटाईवर मी म्हटले, "मला तीन गुंड्या द्याल? नव्या उशीला अभ्रा विणते."

"सूत मागावर विणायचं असतं."

"सुयांवरही विणता येतं, आई."

त्यांनी माझ्याकडे बघितले, पेटी उघडली आणि सोने मोजून द्यावे तशा तीन गुंड्या माझ्या हातावर ठेवल्या. सात हजार सहाशे ऐंशी फूट सूत. जवळजवळ दीड मैल! एवढे अंतर त्या एका जागी बसून चालून आल्या होत्या.

कोऱ्या सुताला एक प्रकारचे मेण असते, पाणी त्यावर ठरत नाही. म्हणून मी गुंड्या धुण्याच्या सोड्यात उकळल्या. पाणी चहासारखे तांबूस झाले नि सूत मऊ पडले. एकेरी सूत सुईला फार बारीक, म्हणून चार पदर एकत्र धरले. दहा नंबरच्या सुया, एकशे बारा टाके, एक ओळ सुलट, एक ओळ उलट. सूत कुठे जाड, कुठे बारीक होते. पण विणीत ते वाईट दिसेना. उलट लोकरीला नसते असे एक हातचेपण त्याला आले. मधेच काही तरी बिनसते आहे असे वाटे. वीण उजवीकडे झुकायची. मी टाके मोजायची; एकशे बाराच भरायचे. ओळी मोजायची, त्याही बरोबर. मग मी मनाशी म्हणे, पाण्यातून काढून ताणून वाळवला की सरळ होईल. लोकरीचे असेच करतात.

तसेच केले. चार बाजूंना टाचण्या मारून, पाटावर ताणून वाळवला नि अभ्रा काटकोनात बसला. 1965 च्या दिवाळीत पाडव्याला मी तो सासूबाईंच्या उशीला घातला. त्यांनी त्यावरून हात फिरवला. नुसता फिरवला, बोलल्या नाहीत. पण त्या रात्री मामंजींना त्यांनी हलकेच सांगितलेले मी ऐकले, "आपलं सूत आहे हं, ते."

पंधरा दिवसांनी अभ्रा धुतला, आणि दोरीवर वाळला तो तिरपा होऊन. वीतभर तिरपा! सगळे ताणणे पाण्यात विरघळून गेले होते. शेजारच्या काकू कुंपणापाशी उभ्या होत्या. त्या हसल्या. सासूबाई काही हसल्या नाहीत, पण त्यांनी दोरीवरून अभ्रा उतरवला, उलटून पाहिला नि म्हणाल्या, "विणताना हात वाकडा पडला असेल."

माझा हात! जवानांसाठी विणलेला हात! मी ताडकन बोलून गेले, "हात वाकडा नाही, आई. तुमच्या सुतातच खोट आहे."

त्यांचा चेहरा कसा झाला, ते मी लिहू शकत नाही. "आण, उसवून टाकते," एवढे म्हणून त्या अभ्रा घेऊन आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे घरघर ऐकू आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मी अंथरुणात डोळे उघडे ठेवून पडून राही. ज्या आवाजाने माझी झोपमोड होई, त्याच्याशिवाय आता मला झोप लागेना. आठ दिवस गेले. मामंजी काही बोलत नसत, पण जेवताना एकदा आपल्याशीच बोलल्यासारखे म्हणाले, "1930 पासून एवढा खंड पडलेला मला आठवत नाही."

'हे' तेव्हा तलासरीला मास्तर होते, आठवड्याने घरी येत. त्यांना सांगितले तेव्हा कळले ते असे. दोन वर्षांपूर्वी सासूबाई नेहमीप्रमाणे सूत देऊन कापड आणायला एका भांडारात गेल्या होत्या. तिथल्या माणसाने गुंडी हातात घेऊन सांगितले, "आजी, हे सूत मागावर टिकत नाही. तुटतं." डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागला होता, बोटे थोडी कापू लागली होती. मागावर ताण्याच्या सुताला ओढ सोसावी लागते. एका जागी जाड, एका जागी बारीक असलेले सूत तिथे टिकत नाही. त्या दिवसापासून त्यांचे सूत कोणी घेत नव्हते, नि तरी त्या कातीत होत्या. ती पत्र्याची पेटी भरत का आली होती, ते मला आता समजले. आणि मी त्या सुताला खोटे म्हटले होते. क्षमा मागायला जीभ उचलेना. माझ्यातही पीळ काही कमी नव्हता!

याला वाट काढली ती आमच्या वाडीवर गवताच्या कामाला येणाऱ्या वारली म्हातारीने. तिला सगळे आजीच म्हणत. ती झरीकडची. 1945 च्या 23 मे रोजी झरीला वारल्यांची ती मोठी सभा झाली, शामराव नि गोदावरीबाई परुळेकर ज्यांच्या पाठीशी उभे होते आणि जिच्यात वेठबिगार करायची नाही असे हजारो माणसांनी ठरवले, त्या सभेला ही तान्हे पोर पाठीशी बांधून गेली होती. त्या दिवसानंतर ती कुणापुढे मान खाली घालून बोलली नाही. 1960 साली राज्ये वेगळी झाली, उंबरगाव गुजरातेत गेले नि तलासरी आमच्याकडे राहिली, तेव्हाही ती म्हणाली होती म्हणे, "रान तर हलला नाय ना?"

त्या दिवशी ती ओटीच्या पायरीशी बसून अंबाडीच्या वाखाचा दोर वळत होती. मी शेजारी बसून उरलेल्या सुताशी चाळा करीत होते. हातभर सूत ताणून धरले नि सैल सोडले, की ते आपोआप स्वतःभोवती गुंडाळून त्याचा गुंता होई. म्हातारी बघत होती.

"बाय, हा एकाच अंगानं वळलाय," ती म्हणाली. "एकाच अंगाचा दोर सरळ राहत नाय. तो पळतो."

तिने वाखाचे दोन पदर मांडीवर ठेवले. तळहाताने दोन्ही पुढे लोटून वेगवेगळे पिळले, आणि मग दोन्ही एकत्र धरून तळहात मागे ओढला. उलट्या दिशेने. पदर एकमेकांवर बसले, नि दोर हातात गरीब गायीसारखा निजला. तिने तो सोडला. तो पळाला नाही.

मला लख्ख कळले. चरख्यावरचे सूत सगळे एकाच दिशेने पिळलेले. चार पदर एकत्र धरले तरी चौघांची ओढ एकाच बाजूला. विणीतला एकूणएक टाका त्याच बाजूला मान वळवतो, नि हजारो टाक्यांनी मान वळवली की अभ्रा तिरपा होतो. लोकरीचे दोरे गिरणीतून उलटा पीळ देऊनच येतात, म्हणून मला हे कधी कळायची वेळच आली नव्हती. हात वाकडा नव्हता, सुतातही खोट नव्हती. त्याला जोडीदार नव्हता, एवढेच.

हे सगळे सासूबाई दाराआडून ऐकत होत्या. त्या बाहेर आल्या, हातात चरख्याची पेटी. माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "चक्र उलटं फिरवलं तर?"

"पदर धरायला एक माणूस लागेल," मी म्हटले.

"मग धर की."

चार पदर समान ओढीने धरायचे, एकही सैल पडू द्यायचा नाही, नि दुसऱ्याने चाक उलटे फिरवायचे, हे काम एकटीचे नाहीच. दुपारी सगळे निजले की आम्ही दोघी ओटीवर बसू. माझा हात सैल पडला की त्या थांबत, त्यांचे चाक जोरात गेले की मी 'आई, हळू' म्हणे. पहिल्या दिवशी फक्त कामापुरते बोललो. दुसऱ्या दिवशी त्यांनी वडिलांच्या भाषणांची नक्कल करून दाखवली. तिसऱ्या दिवशी मी म्हटले, "आई, त्या दिवशी मी बोलले ते चुकलं." त्या चाक न थांबवता म्हणाल्या, "सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. तो जाऊ नयेच. दुसऱ्यावर उलटा बसवावा, म्हणजे झालं." थोड्या वेळाने म्हणाल्या, "पण मग हे सूत चालेल ना गं?"

"मागावर नाही चालणार," मी खरे ते सांगितले. "तिथे फार ओढ असते. सुईवर तेवढी ओढ नसते. जाड-बारीक सगळं सामावतं."

दुसऱ्या दिवशी पहाटे भुंगा पुन्हा गुणगुणू लागला.

दुसरा अभ्रा पाडव्याचा मुहूर्त न बघता, साध्या पौषातल्या एका बुधवारी पुरा झाला. तो धुतला, पिळला, मुद्दाम न ताणता दोरीवर टाकला. सरळच्या सरळ! वारली आजीला बोलावून दाखवला. तिने कोपरे जुळवून पाहिले नि त्यात काही विशेष नसल्यासारखी मान हलवली. अभ्रा सासूबाईंनी मामंजींच्या उशीला दिला. सकाळी मामंजी चहाला आले ते गालावर विणीची जाळी उमटवून! सुलट टाका नि सुलट टाका, मोजून घ्यावा इतका स्वच्छ. आरशात पाहून म्हणाले, "खादीचा छाप तुरुंगात पडला नाही, तो इथे पडला." तेव्हापासून उशीवर अभ्रा नि अभ्र्यावर एक मऊ पंचा, अशी तोड निघाली. सौंदर्य झाकावे लागले, पण गाल वाचला.

त्या वर्षांत मी काही वेळा कोसबाडच्या टेकडीवर जात असे. ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीला सुरू केलेले ग्राम बाल शिक्षा केंद्र पुढे तिथे गेले होते, नि अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. माँटेसरीची महागडी साधने बाजूला ठेवून शिंपले, बिया, पाने, खडे यांवर तिथली मुले मोजायला शिकत. ते पाहताना दर वेळी मला आमची ओटी आठवे. लोकर नाही म्हणून मी वर्षभर रुसून बसले होते, नि सूत माजघरात पेटीभर पडले होते.

हातसुताच्या विणकामाची एक मोठी गोष्ट मला फार पुढे कळली. 1947 च्या नोव्हेंबरात इंग्लंडच्या राजकन्या एलिझाबेथचे लग्न झाले. गांधीजींपाशी द्यायला होते काय? त्यांनी स्वतः कातलेले सूत दिले, एका पंजाबी मुलीने त्याची जाळीदार विणीची चौकट केली, मधोमध 'जय हिंद' विणले, आणि ती लंडनला गेली. भेटींच्या प्रदर्शनात ती पाहून राजकन्येच्या आजीला, राणी मेरीला, म्हणे तो गांधींचा पंचाच वाटला नि तिने नाक मुरडले. राजघराण्याने वस्तू मात्र जपून ठेवली. 2018 साली भारताच्या पंतप्रधानांना ती दाखवल्याची बातमी मी वाचली. बातमीत कातणाऱ्याचे नाव होते. विणणारीचे नव्हते. मला सासूबाईंची आठवण झाली. आमच्या घरी उलटे झाले: येणारा-जाणारा अभ्रा पाहून 'सूनबाईंचा हात काय सुरेख आहे!' म्हणे, नि सूत कोणाचे हे कोणी विचारीत नसे. मग मीच सांगू लागले. आधी सूत, मग वीण.

सासूबाईंच्या पेटीतल्या सगळ्या गुंड्या आम्ही पुढच्या काही वर्षांत संपवल्या. टेबलावरची आच्छादने, बाळंतविड्यातली टोपडी, झोळ्या. डोळे पार गेल्यावर त्या बोटांनी सूत ओळखीत. उलटा पीळ देताना चाक त्याच फिरवीत. 1981 च्या पावसाळ्यात त्या गेल्या. शेवटचे काही दिवस त्यांनी तो सरळ अभ्रा मागून घेतला होता, पंचा न घालता. "टोचेल, आई," मी म्हटले. त्या म्हणाल्या, "टोचू दे. मोजते मी."

तेराव्यानंतर पत्र्याची पेटी आवरायला घेतली. ती रिकामीच असणार होती. तळाशी जुन्या लुगड्यात काही तरी घडी करून ठेवलेले दिसले. उलगडले तर माझा पहिला अभ्रा! सोळा वर्षांपूर्वी उसवून टाकते म्हणून नेलेला. तोंडाकडच्या दोन ओळी खरेच उसवल्या होत्या. आणि तिथेच थांबून, उघड्या टाक्यांतून सबंध एक दोरा ओवून त्याला गाठ मारली होती, पुढचा टाका निसटू नये म्हणून.

ती दोन ओळी उसवून केव्हा थांबली असेल, त्याच दुपारी की आठ दिवसांनी, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. त्या आठ दिवसांत चरखा बंद होता हे घरातल्या सगळ्यांना माहीत होते. दाराआड बसून त्यांनी सुनेचे तिरपे काम सुईने एकेक टाका ओवून वाचवले असेल, हे कोणाच्या ध्यानी आले असते? ती गाठ मी सोडलेली नाही.

आता डहाणू बदलले. 2013 पासून मुंबईची लोकल इथवर येते, 2014 साली ठाण्याचा आमचा भाग तुटून पालघर जिल्हा झाला. 2018 च्या नोव्हेंबरात एक निराळेच संकट आले. डहाणू-तलासरीची जमीन हलू लागली. धुंदलवाडी, हळदपाडा या बाजूला तर धक्क्यांमागून धक्के. लोक घरे सोडून तंबूंत निजू लागले. आमच्याकडेही रात्री भांडी वाजली की सगळे अंगणात. थंडीचे दिवस. अंगणात निजायचे तर काय काय बाहेर न्यावे, याची प्रत्येकाची यादी निराळी. मुलाने कागदपत्रे घेतली, सुनेने दागिने, नातवाने फोन. मी माझी सावरीची उशी उचलली, आणि कपाटाकडे जाऊन दोन्ही अभ्रे काढले. सरळ उशीला घातला, तिरपा घडी करून त्याखाली ठेवला. पंचा घरातच राहिला.

चिकूच्या झाडांवरचे आभाळ पाहत रात्रभर पडून होते. जमिनीचा भरवसा नसला की उशीचा मोठा आधार वाटतो. पहाटे केव्हा तरी डोळा लागला. उठले तेव्हा उजाडले होते, घर जागेवर होते, नि नातू माझ्याकडे टक लावून बघत होता.

"आजी," तो म्हणाला, "तुझ्या गालावर जाळी आलीय!"

मी हात लावून पाहिला. सुलट टाका, नि सुलट टाका. मोजता येत होते.